ऑपरेशन झाले, पुढे काय झाले?

धरणगाव म्हटले की वाचकांना बालकवी आठवतात. त्र्यंबक बापूजी ठोमरे १८९० मध्ये इथे जन्मले. इतिहासाची आवड असणाऱ्यांना जेम्स आउट्रम आठवतो. त्याने १८२५ मध्ये उभ्या केलेल्या भिल्ल पलटणीचे ठाणे याच गावात होते. मला मात्र धरणगाव म्हटले की आमच्या आळीतल्या जिजी आठवतात. त्यांच्या डाव्या बरगड्यांवरून पाठीकडे गेलेला एक लांब वण होता. १९७० च्या आसपास, ऐन पंचविशीत, मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांचे हृदयाचे ऑपरेशन झाले होते. कोणी विचारले की त्या अहिराणीत एवढेच सांगत, ‘डाक्टरनी मन्हा कायीजमा बोट घालं व्हतं.’

आम्हा मुलांना ती थाप वाटे. काळजात बोट घातल्यावर माणूस जगेल कसा? पुढे वैद्यकाचा इतिहास वाचताना कळले की जिजींचे वाक्य अक्षरशः खरे होते. ऑपरेशननंतर त्या अठ्ठावीस वर्षे जगल्या. दोन मुलगे वाढवले, दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचला, नातवंडे पाहिली. पण हे त्या रुग्णालयाला कधीच कळले नाही. पहिली दोन वर्षे त्या तपासणीला गेल्या, मग गाडीभाडे, शेती आणि बाळंतपणे यांत जाणे राहून गेले. वैद्यकीय दप्तरात अशा रुग्णापुढे ‘संपर्क तुटला’ असा शेरा पडतो. तिचे पुढे बरे झाले की वाईट, हे कोणत्याच हिशेबात धरता येत नाही.

प्रौढांच्या हृदयशस्त्रक्रियेचा इतिहास सहसा पराक्रमांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पहिली झडप कोणी उघडली, पहिले हृदय कोणी बदलले, अशी ती यादी असते. तिला समांतर असा दुसरा एक इतिहास आहे. एका उपचाराची दुसऱ्याशी तुलना कशी करायची, आणि रुग्णाचे पुढे काय झाले हे कसे मोजायचे, याचा तो इतिहास. या लेखात तो दुसरा इतिहास मांडायचा आहे, आणि त्यासाठी जिजींच्याच आजाराचा धागा धरला आहे.

हा आजार सुरू होतो घशातून. लहानपणी स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जंतूंमुळे घसा धरतो. तो बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ताप येतो, सांधे सुजतात. याला ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. जंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा या वेळी चुकून हृदयाच्या झडपांवरच चाल करते. सांधे बरे होतात, झडप मात्र वर्षानुवर्षे जाड आणि ताठ होत जाते. डाव्या बाजूच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमध्ये असते ती मिट्रल झडप. तिचे तोंड निरोगी माणसात ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. ते आकसत १ चौरस सेंटिमीटरच्या आसपास आले की रक्त फुप्फुसांत तुंबते. पाण्याची कळशी उचलली तरी धाप लागते, रात्री आडवे होता येत नाही. दाटीवाटीची घरे आणि वेळेवर न झालेले औषध यांच्याशी या रोगाचे नाते आहे, आणि त्याची झळ स्त्रियांना अधिक बसते. अनेकींचा आजार पहिल्यांदा लक्षात येतो तो गरोदरपणात, हृदयावरचा भार वाढतो तेव्हा.

ही आकसलेली झडप शस्त्राने उघडण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न १९२३ मध्ये बॉस्टनमध्ये एलियट कटलर यांनी केला. बारा वर्षांची ती मुलगी त्यानंतर चार वर्षांहून अधिक जगली. पण कटलर यांचे पुढचे रुग्ण एकामागून एक दगावले. १९२९ मध्ये त्यांनी अखेरचा अहवाल छापला आणि ही शस्त्रक्रिया थांबवली. आपल्या अपयशाचा हिशेब स्वतःच्या नावाने छापणे हे त्या काळी, आणि आजही, सोपे नाही.

दरम्यान १९२५ मध्ये लंडनच्या हेन्री सौटर यांनी एका तरुण मुलीच्या धडधडत्या हृदयात डाव्या बाजूने बोट सरकवले आणि झडप आतून चाचपून सैल केली. मुलगी वाचली. पण त्यानंतर वैद्यांनी सौटर यांच्याकडे असा दुसरा रुग्ण पाठवलाच नाही. एका रुग्णावरून कोणाचीच खात्री पटली नाही.

पुढे वीस-बावीस वर्षे हे काम ठप्प होते. १० जून १९४८ रोजी फिलाडेल्फियात चार्ल्स बेली यांनी एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत दोन ऑपरेशने ठरवली. त्याआधीचे त्यांचे रुग्ण दगावले होते आणि आणखी एक मृत्यू झाला तर परवानगी मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. सकाळचा रुग्ण दगावला. ती बातमी दुसरीकडे पोहोचून अडवणूक होण्याआधी त्यांनी दुसऱ्या रुग्णालयात एका तरुण स्त्रीवर शस्त्रक्रिया केली, आणि ती जगली. त्याच आठवड्यात बॉस्टनमध्ये ड्वाइट हार्कन आणि काही महिन्यांतच लंडनमध्ये रसेल ब्रॉक यांनाही यश आले. इतिहासात बेली धाडसी ठरले. पण ती स्त्रीही दगावली असती तर त्याच धाडसाला काय नाव मिळाले असते? एकेका रुग्णाच्या कहाणीवर उपचार पारखण्यातला धोका इथे दिसतो.

हा धोका ओळखणारा माणूस बॉस्टनमध्ये आधीच होऊन गेला होता. अर्नेस्ट कॉडमन हे मुळात खांद्याच्या शस्त्रक्रियेचे जाणकार. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी आग्रह धरला की प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवावे. तक्रार काय होती, काय केले आणि वर्षानंतर काय स्थिती आहे, हे त्यावर लिहावे. निकाल वाईट असेल तर चूक कोणाची, हेही लिहावे, आणि ही कार्डे लोकांना पाहू द्यावीत. सहकाऱ्यांना हे रुचले नाही. १९१४ मध्ये त्यांना आपले मोठे रुग्णालय सोडावे लागले. आपल्या छोट्या खासगी रुग्णालयात ते स्वतःच्या चुकांची यादी छापत राहिले. आज जगभर रुग्णांच्या निकालांच्या ज्या नोंदवह्या चालतात, त्या सगळ्या कॉडमन यांच्या त्या कार्डाच्या वंशातल्या आहेत.

आता मुंबईकडे येऊ. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात मिट्रल झडपेच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला. या पद्धतीत हृदय थांबवावे लागत नव्हते. रक्त बाहेरून फिरवणारे हृदय-फुप्फुस यंत्र लागत नव्हते. बरगड्यांमधून वाट काढून बोट किंवा फाकणारे उपकरण आत घालायचे आणि झडपेचे चिकटलेले पापुद्रे मोकळे करायचे. खर्च कमी, वेळ कमी. ज्या देशात हजारो तरुण स्त्री-पुरुष धाप लागून अंथरुणाला खिळलेले होते, तिथे हीच पद्धत परवडणारी होती. जळगावहून रेल्वेने चारशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून मुंबईला जाणाऱ्या खानदेशी रुग्णांना याचाच आधार होता.

याच डॉ. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये के.ई.एम.मध्ये भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेत जगातले पहिले प्रत्यारोपण केल्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. मुंबईचा रुग्ण काही तासांतच दगावला. त्या एका वर्षात जगभर शंभरावर प्रत्यारोपणे झाली. बहुतेक रुग्ण वर्षभरही जगले नाहीत, कारण शरीर परके हृदय नाकारत होते आणि ते आवरणारी पुरेशी चांगली औषधे नव्हती. मग बहुतेक केंद्रांनी हे काम थांबवले. भारतात यशस्वी प्रत्यारोपणासाठी ऑगस्ट १९९४ उजाडावा लागला. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी ते केले. वर्तमानपत्रात मोठे मथळे मिळाले ते प्रत्यारोपणाला. पण ज्यांनी खरोखर हजारो आयुष्ये लांबवली, ती झडपेची ऑपरेशने बिनबोभाट चालू होती.

त्यांचा हिशेब ठेवण्याचे मोठे काम वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने केले. स्टॅन्ले जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात बंद पद्धतीने मिट्रल झडप उघडलेल्या ३,७२४ सलग रुग्णांचे तात्कालिक आणि दीर्घकालीन निकाल होते. यातला ‘सलग’ हा शब्द मोलाचा आहे. बरे झालेले निवडून आणि बाकीचे वगळून मांडलेला तो हिशेब नव्हता. कोणाही पाश्चात्त्य केंद्राला हेवा वाटावा अशी ती संख्या होती, आणि गरिबांच्या ऑपरेशनलाही दीर्घ स्मरणशक्ती असू शकते हे तिने दाखवले.

पण सलग नोंद म्हणजे तुलना नव्हे. रुग्ण बरा झाला तो ऑपरेशनमुळेच, हे कशावरून? हा प्रश्न खोडसाळ वाटेल, म्हणून एक उदाहरण देतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत छातीच्या आतल्या भिंतीवरून जाणारी एक रक्तवाहिनी बांधून टाकण्याचे ऑपरेशन फार गाजले. त्यामुळे हृदयाकडे अधिक रक्त वळते आणि छातीतली कळ थांबते, असा समज होता. रुग्णही बरे वाटते म्हणून सांगत. १९५९ मध्ये सिअ‍ॅटलच्या लिओनार्ड कॉब यांनी १७ रुग्ण घेतले. सर्वांच्या छातीवर छेद दिला, पण काहींचीच रक्तवाहिनी बांधली. कोणाची बांधली हे रुग्णाला माहीत नव्हते आणि नंतर तपासणाऱ्या डॉक्टरलाही. दोन्ही गटांना सारखेच बरे वाटले. पुढच्याच वर्षी १८ रुग्णांवरच्या दुसऱ्या प्रयोगातही हेच दिसले. ते ऑपरेशन इतिहासजमा झाले. रुग्ण खोटे बोलत नव्हते, त्यांना खरेच बरे वाटत होते. फक्त त्याचे कारण ऑपरेशनमध्ये नव्हते.

म्हणून तुलनेचा नियम ठरला. दोन उपचारांपैकी कोणता कोणाला द्यायचा हे डॉक्टरने ठरवायचे नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. नाहीतर डॉक्टर नकळत धडधाकट रुग्ण आपल्या आवडत्या उपचाराकडे वळवतो. हा नियम आपल्या देशाला नवा नव्हता. १९५० च्या दशकात मद्रासमध्ये क्षयरोग्यांची अशीच विभागणी करून दाखवून दिले गेले होते की औषधे नियमित मिळाली तर घरी राहिलेला रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो.

मिट्रल झडपेच्या बाबतीत ही कसोटी भारतातच लागली. १९८४ मध्ये जपानच्या कांजी इनोउए यांनी नवी पद्धत मांडली. मांडीच्या नसेतून एक नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवायचा आणि चिकटलेले पापुद्रे मोकळे करायचे. छाती उघडायला नको, टाके नकोत, दोन दिवसांत घरी. शल्यविशारदांनी शंका घेणे साहजिक होते. न दिसणाऱ्या झडपेत फुगवलेला फुगा डोळ्यांनी पाहून केलेल्या कामाची बरोबरी कशी करील?

याचे उत्तर शोधायला मिट्रल आकुंचनाचे पुरेसे तरुण रुग्ण हवेत. श्रीमंत देशांत ते उरले नव्हते. म्हणून अमेरिकी आणि भारतीय डॉक्टरांनी मिळून हैदराबादच्या निझाम संस्थेत हे काम केले. पहिल्या अभ्यासात ४० रुग्ण होते. फुगा आणि जुनी बंद शस्त्रक्रिया यांचा निकाल सारखा आला. तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या अभ्यासात ६० रुग्ण होते, आणि या वेळी फुग्याची गाठ होती यंत्राच्या साहाय्याने हृदय उघडून केलेल्या शस्त्रक्रियेशी. १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो छापला गेला. तीन वर्षांनंतर फुग्याच्या गटात झडपेचे तोंड सरासरी २.४ चौरस सेंटिमीटर होते, शस्त्रक्रियेच्या गटात १.८. कोणताही त्रास न उरलेले रुग्ण पहिल्या गटात ७२ टक्के होते, दुसऱ्यात ५७ टक्के. झडप फार चुनखडीसारखी कडक झालेली नसेल तर फुगा पुरेसा आहे, ही आज जगभर मान्य असलेली गोष्ट ठरवण्यात त्या साठ रुग्णांचा मोठा वाटा आहे.

त्यांतले रुग्ण तीन वर्षांनी परत तपासणीला आले, म्हणून हे कळले. ते आले नसते तर जगातल्या सर्वांत मानाच्या नियतकालिकात छापायला काहीच उरले नसते.

ज्यांची झडप फुग्यानेही उघडत नाही किंवा गळते, त्यांना ती बदलावी लागते. १९६० मध्ये अमेरिकेत आल्बर्ट स्टार यांनी पिंजऱ्यातल्या चेंडूची कृत्रिम मिट्रल झडप बसवली, तेव्हापासून हा मार्ग खुला झाला. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने आधीचे नमुने फसल्यावरही चिकाटी सोडली नाही आणि स्वदेशी झडप तयार केली. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसली. पण इथे रुग्णापुढे पेच असतो. धातू-प्लास्टिकची यांत्रिक झडप टिकते खूप, पण तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आयुष्यभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. प्राण्यांच्या ऊतीची झडप या गोळीतून बहुधा सोडवते, पण काही वर्षांनी झिजते, आणि तरुण वयात तर लवकर झिजते.

कोणती चांगली? अमेरिकेत १९७७ पासून ५७५ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून ही तुलना झाली. पंधरा वर्षांनंतर महारोहिणीच्या झडपेत यांत्रिक झडप सरस ठरली, मिट्रलच्या बाबतीत मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. यांत्रिक झडपेच्या रुग्णांत रक्तस्राव अधिक झाले, ऊतीच्या झडपा अधिक निकामी झाल्या. अभ्यास उत्तमच होता. पण ते ५७५ रुग्ण सगळे पुरुष होते, माजी सैनिक होते आणि बहुतेक उतारवयाचे होते. धरणगावच्या पंचविशीतल्या सुनेचा प्रश्न निराळा आहे. तिला मूल हवे आहे आणि रक्त पातळ करणारी ही गोळी गर्भाला अपाय करू शकते. तिला ठरावीक काळाने रक्त तपासून गोळीचे प्रमाण जुळवून घ्यायचे आहे. प्रमाण थोडे चुकले की एकीकडे गुठळी, दुसरीकडे रक्तस्राव. मेथी-पालकासारख्या पालेभाज्या अचानक जास्त खाल्ल्या तरी ते बदलते. त्या तपासणीसाठी तालुक्याहून जिल्ह्याला जायचे तर मजुरी बुडते, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ती बुडवणे परवडत नाही. म्हणजे झडप किती वर्षे चालेल हे कारखान्यात जितके ठरते, तितकेच एसटीच्या वेळापत्रकावरही ठरते. दूरच्या देशातल्या तुलनेत हे वेळापत्रक कुठेच नसते.

आपल्यासारख्या रुग्णांवर अभ्यास झाला की अपेक्षेबाहेरचे काही निघते, याचे अलीकडचे उदाहरण आहे. ऱ्हुमॅटिक हृदयविकारात ठोके अनियमित झालेल्या साडेचार हजारांवर रुग्णांवर आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांत एक मोठा अभ्यास झाला. दिल्लीच्या ‘एम्स’चे डॉ. गणेशन कार्तिकेयन त्याच्या प्रमुखांपैकी एक होते. सतत रक्ततपासणी न लागणारे नवे औषध निदान जुन्याइतके चांगले ठरेल, अशी अपेक्षा होती. २०२२ मध्ये निकाल आला तो उलटा. जुन्या गोळीच्या गटात मृत्यू कमी झाले होते. या अभ्यासातल्या रुग्णांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्यांना विचारले नसते, तर श्रीमंत देशांतल्या वेगळ्या रुग्णांवरून काढलेला निष्कर्ष त्यांनाही लागू केला गेला असता.

रुग्णालयांची आपसांतली तुलनाही अशीच नाजूक असते. न्यूयॉर्क राज्याने १९९० पासून बायपास शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण रुग्णालयांच्या नावानिशी जाहीर करायला सुरुवात केली. रुग्ण मुळात किती गंभीर होता याचा विचार करून आकडे दुरुस्त केले जात. मृत्यूंचे प्रमाण पुढच्या काही वर्षांत घटले. त्याच वेळी अशीही टीका झाली की आकडा बिघडेल या भीतीने काही सर्जन अतिगंभीर रुग्ण टाळू लागले. आपल्याकडे हे ध्यानात ठेवायला हवे. लांबच्या तालुक्यातून उशिरा आलेला रुग्ण दगावला तर तो दोष एकट्या शस्त्रक्रियेचा नसतो. घसादुखीच्या वेळी न मिळालेल्या पेनिसिलिनचा आणि उशिरा झालेल्या निदानाचाही त्यात वाटा असतो.

महाराष्ट्रात १९९७ मध्ये जीवनदायी योजना आली आणि गरिबांच्या हृदयशस्त्रक्रियेचा खर्च सरकार उचलू लागले. २ जुलै २०१२ रोजी नव्या स्वरूपातली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत धुळे होते, जळगाव नव्हते. जळगाव आले ते २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये, योजना राज्यभर गेली तेव्हा. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. ज्या ऑपरेशनसाठी जिजींच्या सासऱ्यांनी बैलजोडी विकली होती, ते आता कार्डावर होते, ही लहान गोष्ट नाही. पण ऑपरेशनला पैसे मिळणे हा निम्मा रस्ता झाला. स्वीडनमध्ये हृदयाच्या प्रत्येक ऑपरेशनची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत जाते, आणि प्रत्येक नागरिकाला एकच कायम क्रमांक असल्यामुळे तो दहा वर्षांनी हयात आहे का, हे घरबसल्या कळते. आपल्याकडे आशाताई घरोघर जातातच. छातीवर वण असलेल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा तीन प्रश्न विचारता येतील. चालताना धाप लागते का? गोळी चालू आहे का? रक्त कधी तपासले? उत्तरे ऑपरेशन करणाऱ्या रुग्णालयापर्यंत गेली तर कॉडमन यांचे कार्ड धरणगावात पोहोचले, असे म्हणता येईल.

जिजी गेल्यावर त्यांच्या पेटीत लुगड्यांच्या घडीखाली रुग्णालयाचा कागद सापडला. घड्यांवर फाटलेला, शाई उडालेला. शेवटची ओळ वाचता येत होती. ‘सहा महिन्यांनी दाखवणे.’ त्यांनी तो कागद अठ्ठावीस वर्षे जपून ठेवला होता.